परवानगी देणाऱ्या शोभाताई

शोभाताई गेल्याची बातमी आली तेव्हा मी उटनूरच्या शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बसले होते. सकाळची वेळ, समोर आयाबायांची लांब रांग, शाळेच्या व्हरांड्यात आमच्या नर्स सुनीताक्का रक्ताचे नमुने घेत होत्या. फोन ताईंच्या घरून होता. त्यांचे यजमान भीमरावदादा एवढंच म्हणाले, "वैशाले, गेली वं तुही ताई..." मी फोन ठेवला, ओढणीनं डोळे पुसले आणि रांगेतल्या पुढच्या बाईला तिचं नाव विचारलं. दहाएक मिनिटांनी आमच्या संस्थेच्या सचिवांचा फोन आला. ते चाचरत म्हणाले, "वैशाली, आत्ता विचारू नये... पण कॉम्प्युटरचं सगळं त्यांच्याकडेच होतं ना? पासवर्ड वगैरे?" मी म्हटलं, "सर, ताईंकडे गेल्या महिन्यापासून काहीच नव्हतं. सगळं चालू आहे." मग ते म्हणाले, "बाई हेही करून गेल्या."

त्या दिवशी आमच्या तिन्ही केंद्रांत काम झालं. उटनूरला रांग संपेपर्यंत आम्ही उठलो नाही, आणि मग जीप करून सगळे गुडीहत्नूरला ताईंच्या अंत्ययात्रेला गेलो. एखादं माणूस गेलं आणि त्याच्या जाण्यानं एकही काम अडलं नाही, असं कोणाविषयी लिहिलं तर वाचणाऱ्याला वाईट वाटेल. शोभाताईंसाठी मात्र यापेक्षा मोठं कौतुक नव्हतं. त्यासाठी त्या कितीतरी वर्षं भांडल्या होत्या... आणि जिंकल्या होत्या.

आमची संस्था आदिलाबाद जिल्ह्यात सिकलसेलच्या रुग्णांसाठी काम करते. तिचं नाव लिहीत नाही, कारण या लेखात आमच्या चुकाही येणार आहेत. सिकलसेल हा आईवडिलांकडून रक्तात येणारा आजार. काहींना तो होतो, तर काही नुसते वाहक असतात, म्हणजे त्यांना स्वतःला सहसा काही त्रास नसतो. कोणाला रक्त कधी चढवलं, कोणाला मागच्या वेळी रक्त चढवताना थंडी भरली होती, कोणती गोळी कोणाला सोसते, हे सगळं आधी रजिस्टरात होतं. मग हैदराबादच्या एका कंपनीनं ते क्लाउडवर नेलं. म्हणजे आमच्या कपाटातली माहिती दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरांवर गेली आणि कुठल्याही केंद्रातून दिसू लागली. सोय फार झाली. पण ही माहिती कोणाला दिसावी आणि कोणाला दिसू नये, हा विचार कोणीच केला नव्हता. तो पुढे शोभाताईंनी केला, आणि त्याला कारण झाली माझी मोडलेली सोयरीक.

आमचं गाव अगदी महाराष्ट्राच्या सीमेवर. वडील कापूस आणि ज्वारी घेतात. मी डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजात या संस्थेचं शिबिर झालं आणि मी वाहक असल्याचं निघालं. डॉक्टरांनी मला बाजूला बसवून नीट समजावलं होतं. तुला काही झालेलं नाही, फक्त लग्नाआधी जोडीदाराची तपासणी करून घे, एवढंच. त्याच वर्षी माझी सोयरीक ठरली. मी वडिलांना म्हटलं होतं की साखरपुड्याआधी मीच मुलाकडच्यांना सांगते. पण सांगायची वेळच आली नाही. माझ्या रिपोर्टचा फोटो माझ्याआधी त्यांच्या फोनवर पोचला. 'पोरगी रोगी आहे' असा निरोप आला आणि गावभर झाला. वडील आदिलाबादच्या ऑफिसात जाऊन उभे राहिले. कोणी उघडली माझ्या लेकीची फाईल, विचारू लागले. कॉम्प्युटरनं उत्तर दिलं : अ‍ॅडमिन. डॉक्टर अ‍ॅडमिन, नर्स अ‍ॅडमिन, नोंदणीवाला अ‍ॅडमिन, नोकरी सोडून गेलेलाही अ‍ॅडमिन. सगळ्यांना मिळून एकच नाव, एकच पासवर्ड, आणि तो कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेला.

शोभाताई तेव्हा तिथे नव्याच लागलेल्या डेटा एंट्री ऑपरेटर होत्या. पुढच्या रविवारी त्या बसनं आमच्या गावात आल्या. कोणी पाठवलं नव्हतं. ठेंगणी बांधणी, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. वडिलांनी त्यांना बसा म्हटलं नाही. "तुमी काऊन आल्या?" एवढंच विचारलं.

"माफी मागाले आली, भाऊ."

"कोनं केलं ते सांगा. माफी नको."

"सांगता येत नाही. आमचं सगळ्यांचं नाव एकच आहे. म्हनून आमी सगळेच चोर दिसून राह्यलो," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "पोरी, झालं ते मी उलटं करू शकत नाही. पन उद्यापासून तुही फाईल कोन पाहील, ते तू माझ्यासंगं बसून ठरव. येतं का?"

वडिलांना पटलं नव्हतं, पण त्यांनी नकोही म्हटलं नाही. मी निघाले. आईनं पाणी दिलं ते ताईंनी उभ्यानंच प्यायलं, कारण परतीची बस तेवढी एकच होती. त्या दिवशी आम्ही शेजारी शेजारी बसून आदिलाबादला गेलो आणि मग मी कधी त्यांच्याशेजारून उठलेच नाही. डिग्री झाल्यावर मला तिथेच नोकरी लागली. माझ्या रिपोर्टचा फोटो कोणी काढला, हे मात्र आजही कळलेलं नाही. ताईंना याचं शेवटपर्यंत वाईट वाटत राहिलं.

त्यांचे आईवडील मजुरीला जायचे. सातवीपर्यंत गावात मराठी शाळा, पुढे तेलुगू माध्यम, मग नोकरी करत करत डिग्री. 'मराठीत समजते, तेलुगूत पास होते आन इंग्रजीत पासवर्ड टाकते,' असं त्या स्वतःविषयी सांगायच्या. आमच्याकडे येण्याआधी त्या एका सरकारी दफ्तरात कंत्राटी ऑपरेटर होत्या. कोणतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तिथे साहेबांच्या सहीचा डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायची सहीची किल्ली, दिवसभर ऑपरेटरच्या टेबलावर पडलेला असे आणि साहेबांच्या नावानं कोणीही हुकूम काढे. ताईंना एके दिवशी सांगितलं, तुम्हीच लावा आणि मोकळ्या व्हा. "दुसऱ्याच्या सहीनं मी काम नाही करत," असं म्हणून त्या उठल्या, त्या परत गेल्याच नाहीत. ही गोष्ट त्या फारशी मिरवत नसत. मला ती भीमरावदादांनी सांगितली, आणि सांगताना त्यांचीच छाती फुगली होती.

तर त्या रविवारनंतर ताईंनी कंपनीच्या माणसाला फोनवर धरलं. त्याला विचारून विचारून, रोज थोडं शिकून, त्यांनी प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं लॉगिन काढून दिलं. मग प्रत्येकाशेजारी बसून विचारायच्या, "तुमाले कामाले काय काय लागते?" नोंदणीवाल्याला नाव, गाव, तारीख लागते, त्याला रिपोर्ट कशाला? सुनीताक्कांना आज आलेल्या रुग्णांचं दिसलं पाहिजे, गावातल्या सगळ्यांचं नाही. लॅबमधल्या गंगाधरअण्णांना नमुन्याचा नंबर पुरतो, नाव नको. ज्याला जेवढं कामाला लागतं तेवढंच दिसेल, आणि कोणी काय उघडलं त्याची नोंद आपोआप राहील, अशी ती रचना. लोक वैतागले. पासवर्ड विसरले, रुसले. आमचे मोठे डॉक्टर तर भडकलेच. "इतकी वर्षं झाली, आणि आता माझ्यावर विश्वास नाही?"

"विस्वास आहे म्हनून तं तुमच्या नावानं देऊन राह्यली, साहेब," ताई शांतपणे म्हणाल्या. "आतापावतर तिथं तुमचं नावच नोतं."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हसले. त्या दिवसापासून ते नव्या माणसाला पहिल्यांदा ताईंकडे पाठवू लागले.

खरी लढाई सचिवांशी झाली. माणूस मनानं चांगला, संस्थेसाठी झिजलेला, पण सगळं आपल्या हाताखाली असावं असं वाटणारा. देणगीदारांच्या एका कार्यक्रमासाठी त्यांना रुग्णांची नावांसकट यादी हवी होती. त्यांनी कॉम्प्युटर उघडला तर पडद्यावर अक्षरं आली : आपल्याला परवानगी नाही. त्यांना गावनिहाय आकडे दिसत होते, नावं दिसत नव्हती. ते ताईंच्या टेबलाशी आले तेव्हा कान लाल झाले होते. मी संस्थेचा सचिव, आणि मलाच परवानगी नाही? ताई म्हणाल्या, रुग्णांना विचारून त्यांनी हो म्हटलं तर मीच नावं काढून देते. सचिवांनी कार्यकारिणीची बैठक बोलावली. ताईंची नोकरी जाणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. भीमरावदादांनी तर दुसरीकडे विचारपूसही सुरू केली होती.

त्या बैठकीला मी पाणी देण्याच्या निमित्तानं आत होते. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे त्यांना बाई म्हणत. ताईंनी काही भाषण केलं नाही. आपला कॉम्प्युटर फिरवून बाईंसमोर ठेवला आणि स्वतःच्या लॉगिनमधून एका रुग्णाची फाईल उघडायला गेल्या. तीच अक्षरं आली : आपल्याला परवानगी नाही.

"तुम्हाला पण नाही?" बाईंनी चष्मा सरळ केला.

"माझ्यापासूनच सुरुवात केली, बाई. मी लोकाइले परवानगी देते, पन मले फाईल दिसत नाही. डॉक्टर फाईल पाहते, पन त्याइले परवानगी देता येत नाही. पुसून टाकाचं तं एकट्यादुकट्याले जमतच नाही, दोघं लागते."

"मग सगळं कोणाकडे आहे?"

"कोनाकडेच नाही," ताई म्हणाल्या. "तेच तं केलं."

बाई सचिवांकडे वळून म्हणाल्या, "अहो, चाळीस वर्षं शाळा चालवली, पण असं मला जमलं नव्हतं. राहू द्या यांना." बैठक संपली. बाहेर आल्यावर ताईंच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

सचिव त्यानंतर वर्षभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. पण पुढे जे झालं ते मी कितीदा सांगितलं तरी माझं समाधान होत नाही. एका सकाळी ते ऑफिसात आले, सहीची कागदपत्रं होती म्हणून ताईंच्या टेबलासमोर बसून चहा पीत होते. ताईंच्या फोनवर एक सूचना आली. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली.

"सर, तुमी आत्ता कुठं आहात?"

"म्हणजे? तुमच्यासमोर."

"मंग तुमी परदेशात बी आहात. तिथून कॉम्प्युटर उघडून राह्यले."

सचिवांनी कप खाली ठेवला. आदल्या दिवशी त्यांना अनुदानाचा म्हणून एक मेसेज आला होता. त्यातल्या पानावर त्यांनी आपला पासवर्ड टाकला होता, आणि फोनवर आलेला आकडाही. ते बोलत होते तोवर ताईंनी त्यांचं खातं बंद केलंसुद्धा. मग नोंदी उघडल्या. कोणी परका सचिवांच्या नावानं आत शिरून एकेक ठिकाणी हात घालत फिरला होता. ताई मोठ्यानं वाचू लागल्या. रुग्णांची यादी, परवानगी नाही. रक्तपेढी, परवानगी नाही. नवीन माणूस जोडा, परवानगी नाही. सगळं पुसून टाका... इथे त्या थांबल्या, एकदा सचिवांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "परवानगी नाही." दारात उभ्या सुनीताक्कांनी "अनुमति लेदु!" म्हणून तेलुगूत आरोळी ठोकली आणि सगळं ऑफिस हसत सुटलं. त्याला गावनिहाय आकडे तेवढे दिसले होते, आणि ते आम्ही दरवर्षी छापूनच वाटतो. त्या वेळी खालच्या मजल्यावर एका लहान मुलीला रक्त चढत होतं. डॉक्टरांनी तिची जुनी नोंद पाहूनच पिशवी निवडली होती. तिच्या आईला वर काय चाललंय याची कल्पनाही नव्हती.

सचिव उठले. मला वाटलं, निघून जातील. ते खाली गेले आणि सगळ्यांसाठी मिरचीभजी घेऊन आले. पुढच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं, "या बाईंनी मला नाही म्हटलं तेव्हा माझा अपमान झाला असं मला वाटलं होतं. आज सांगतो, त्या दिवशी त्यांनी संस्था वाचवून ठेवली होती." ताईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

पोटाचा कॅन्सर निघाला तेव्हा त्या पन्नाशीच्याही नव्हत्या. नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या फेरीहून आल्यावर त्यांनी मला आणि गंगाधरअण्णांना बोलावलं. सगळ्यात मोठी परवानगी असलेलं, फक्त अडचणीच्या वेळी उघडायचं असं एक खातं होतं. त्याचा अर्धा पासवर्ड त्यांनी माझ्या लिफाफ्यात घातला, अर्धा अण्णांच्या. आणि मग त्यांनी तो विचित्र सराव सुरू केला. एका सकाळी म्हणाल्या, "आज मी मेली असं समजा, ते खातं तुमी दोघं उघडा," फोन बंद केला आणि बसनं चक्क निर्मलला निघून गेल्या. आमची धांदल उडाली. अण्णांचा लिफाफा घरी पेटीत, पेटीची किल्ली बायकोकडे आणि बायको बाजाराला. दोन तास गेले. ताई संध्याकाळी परतल्या, आमची फजिती ऐकून पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "मी एवढ्या लवकर मरत नाही मंग. शिका." तिसऱ्या खेपेला आम्ही चहा निवायच्या आत सगळं सुरळीत केलं. त्या दिवशी त्या निर्मलहून भाचीसाठी लाकडाचा रंगीत मोर घेऊन आल्या होत्या. नोंदी पाहिल्या, मोर टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मरून इतकं बरं वाटंल असं वाटलं नोतं बाई."

शेवटची भेट त्यांच्या घरी. खाटेला उशा लावून बसलेल्या, आवाज खोल गेलेला, नजर मात्र तीच. म्हणाल्या, "वैशाले, आता माझं नाव काढ."

मी ऐकलं नाही असं केलं.

"मी कामावर येत नाही. मंग माझं नाव तिथं कायले पायजे? दुसऱ्या कोनाचं असतं तं तू त्याच दिवशी काढलं असतं."

मी पिशवीतून लॅपटॉप काढला. त्यांचं नाव समोर आलं तेव्हा माझं बोट चालेना... त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला. मी नाव काढलं. त्यांनी लगेच आपल्या फोनवरून आत जाऊन पाहिलं. आपल्याला परवानगी नाही. परीक्षेत पोरगी पास व्हावी तशा त्या खुलल्या, भीमरावदादांना हाक मारून फोन दाखवला. "पाहा वो, मलेबी नाही म्हन्ते!"

त्यांचं शेवटचं काम त्यांनी त्या खाटेवरूनच कंपनीला फोन करून करून उभं केलं होतं. ताईंच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमानंतरच्या सोमवारी ते सुरू झालं. आता आमच्या प्रत्येक रुग्णाला स्वतःची फाईल स्वतःच्या फोनवर दिसते, मराठीत नाहीतर तेलुगूत. आपली फाईल कोणी कोणी पाहिली, तेही दिसतं. आणि आपल्याला वाटलं तर आपण ती दुसऱ्याला दाखवू शकतो, हव्या तेवढ्या दिवसांसाठी.

गेल्या महिन्यात मला पाहायला पाहुणे यायचे होते. मुलगा बेल्लमपल्लीला शाळेत शिक्षक आहे. मी वडिलांना म्हटलं, त्यांना घरी नको, आमच्या ऑफिसात बोलवा. वडील गडबडले, पण बोलावलं. ताईंच्या खोलीत, त्यांच्या टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही बसलो. मी माझी फाईल उघडली, त्याचा नंबर टाकला, एक दिवसाची परवानगी दिली. त्यानं आपल्या फोनवर सगळं सावकाश वाचलं. शंका विचारल्या, मी उत्तरं दिली. शेवटी म्हणाला, "तुमी हे लपवू शकत होत्या."

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच दाखवलं."

तो उठला, सुनीताक्कांकडे गेला आणि बाही वर करून बसला. वडील खिडकीशी उभे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आठवड्यानं दुपारी मी त्याच खोलीत काम करत होते. फोन वाजला. त्यानं मला त्याची फाईल पाहण्याची परवानगी दिली होती. उघडायच्या आधी मी उठून खोलीचं दार लावून घेतलं, कारण ती त्यानं एकट्या मला दाखवली होती. आत काय लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही, तेवढी परवानगी मला नाही. साखरपुडा दिवाळीनंतर आहे, एवढं मात्र सगळ्यांना सांगते.